मणक्याची गादी आणि शल्यविशारदाची निवड

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गोरेगाव परिसरात कंबरदुखीला नावे पुष्कळ आहेत. कोणाच्या कमरेत उसण भरते, कोणाला लचक बसते, कोणाची नस दबते, तर कोणाच्या मणक्यात 'गॅप' पडतो. हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की आणि सोयाबीनची पोती ट्रॅक्टरमधून उतरली की या नावांचा उच्चार घरोघर ऐकू येतो. पोते उचलणाऱ्या हमालाची कंबर जाते, तशीच दिवसभर दुकानात मांडी घालून बसणाऱ्या व्यापाऱ्याचीही जाते. यांपैकी बहुतेकांचे दुखणे दोन-चार आठवड्यांत निवळते. काहींचे मात्र कमरेतून खाली उतरते, मांडीच्या मागून पोटरीत व पंजात जाते, खोकला आला तरी वीज चमकावी तशी कळ मारते. मग एम.आर.आय. होतो, फिल्म उजेडासमोर धरली जाते आणि 'गादी सरकली आहे, ऑपरेशन करावे लागेल' हे वाक्य कानी पडते.

या वाक्यानंतर घरात जे घडते, तोच आजचा विषय आहे. एखादे कुटुंब घाबरून आठवडाभरात दागिने गहाण टाकून मोठ्या शहरातील रुग्णालय गाठते. दुसरे कुटुंब 'मणक्याला चाकू लावला की माणूस अंथरुणाला खिळतो' या ऐकीव भयाने शस्त्रक्रियेचे नावच काढू देत नाही आणि चोळणाऱ्यापासून झटका देणाऱ्यापर्यंत फिरत राहते. तोवर पायाचा पंजा उचलेनासा होतो. दोन्ही ठिकाणी हानी होते. पहिल्या घरी ती पैशांची आणि कदाचित अनावश्यक शस्त्रक्रियेची असते, दुसऱ्या घरी ती कायमची असते.

मणक्यांच्या मधल्या गाद्या एकूण २३. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत जेलीसारखा ओलसर गाभा, अशी प्रत्येकीची रचना आहे. वयानुसार गाभ्यातील पाणी कमी होते, कडीला चीर जाते आणि त्या चिरेतून गाभा बाहेर डोकावतो. मागील बाजूस शेजारून जाणाऱ्या नसेला तो टेकला की पायात कळ येते, हाच सायटिका. कमरेच्या गाद्यांचे बहुतेक सर्व विकार शेवटच्या दोन गाद्यांतच होतात, कारण वाकण्याचा आणि भाराचा जोर तेथेच एकवटतो. 'गॅप' हा शब्द येथे मोठी दिशाभूल करतो. झिजलेल्या गादीच्या ठिकाणी दोन मणक्यांमधील अंतर क्ष-किरण चित्रात वाढलेले नसते, उलट कमी झालेले असते. तरीही 'गॅप पडला' हे ऐकून रुग्णाला वाटते की आपला कणा मधोमध तुटला आहे, आणि त्या भीतीपायीच तो घाईने होकार देतो.

अंथरुणाला खिळण्याच्या भीतीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीलाच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखा सुट्या नसांचा झुबका असतो. कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवरील शस्त्रक्रिया मज्जारज्जूच्या बऱ्याच खाली होते. दोन्ही पाय लुळे पडण्याची भीती म्हणूनच या शस्त्रक्रियेपुरती बहुतांशी निराधार आहे. धोके दुसरे आहेत: जंतुसंसर्ग, नसेच्या आवरणाला छेद, एखाद्या नसेस इजा, आणि साधारण शंभरातील ५ ते १० जणांना त्याच जागी गादी पुन्हा सरकणे. जो शल्यविशारद हे आपण होऊन सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास एक कारण मिळते.

गादीच्या विकारात रुग्णाजवळ बहुतेक वेळा वेळ असतो. क्वचितच तो मुळीच नसतो. या दोन अवस्थांतील भेद स्पष्ट झाला की पुढील निर्णय सोपा होतो.

वेळ नसलेली अवस्था आधी पाहू. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर झाला, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा आला, तर ती रात्र घरी काढू नये. नसांचा संपूर्ण झुबका दाबला गेल्याची ही चिन्हे आहेत. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबाने होते. दोन दिवस उलटले तर गेलेला ताबा परत येण्याची शक्यता घटत जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि जेथे एम.आर.आय. व मणक्याची शस्त्रक्रिया रात्रीही होऊ शकते अशा ठिकाणी आधी दूरध्वनी करूनच निघावे. एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाठवणी होण्यातच या भागातील रुग्णाचे मोलाचे तास जातात. पंजा लुळा पडणे ही त्याखालोखालची चिन्हावस्था होय. चालताना एकाच पायातील चप्पल निसटू लागली, टाचांवर किंवा चवड्यांवर चालता येईना, तर काही दिवसांच्या आतच तज्ज्ञास दाखवावे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, वयस्कर स्त्रीला किरकोळ पडण्याने आलेली तीव्र पाठदुखी, यांमागे गादी नसून मणक्याचा क्षय, गाठ किंवा अस्थिभंग असू शकतो. मणक्याचा क्षय आपल्या देशात दुर्मीळ नाही. अशा पाठीला चोळणे वा झटका देणे अत्यंत घातक होय.

ही चिन्हे नसतील तर रुग्णाजवळ निदान सहा आठवडे असतात. हा काळ नुसत्या सहन करण्याचा नव्हे. एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणावर पडून न राहता जमेल तेवढे चालणे, वेदनाशामके, फिजिओथेरपीतज्ज्ञाने शिकविलेले व्यायाम, आणि कळ असह्य असेल तर नसेजवळ दिले जाणारे इंजेक्शन, असा उपचारक्रम असतो. इंजेक्शन गादीला जागेवर बसवीत नाही. ते सूज ओसरवून काही आठवड्यांचा दिलासा देते. मधुमेही व्यक्तीची साखर त्याने काही दिवस वाढते, हे आधी ठाऊक असावे. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. महिनोन् महिने बांधला तर स्नायूच दुर्बल होतात.

दरम्यान शरीर स्वतःचे काम करीत असते. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो, पेशी त्याला हळूहळू गिळतात आणि तो आक्रसतो. येथे एक विस्मयकारक गोष्ट घडते: चित्रात अधिक भयंकर दिसणारा, कडीबाहेर पूर्ण निसटलेला तुकडा हा किंचित फुगलेल्या गादीपेक्षा अधिक वेळा विरघळतो. फिल्मवरील तुकड्याच्या आकारावरून घाबरणे म्हणूनच व्यर्थ.

शस्त्रक्रिया व प्रतीक्षा यांची तुलना परदेशात काळजीपूर्वक झालेली आहे. नॉर्वेतील वेबर यांनी १२६ रुग्णांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पुढे होते; चार वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. २००७ मध्ये नेदरलँड्समधील पॉल व सहकाऱ्यांनी, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका भोगलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास मांडला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यास थांबविण्यात आले, आणि न सोसल्यास शस्त्रक्रियेची मुभा ठेवण्यात आली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली. उरलेल्यांचे तिच्यावाचून भागले. वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्णांनी बरे झाल्याचे सांगितले. फरक होता तो वेगाचा. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटात निम्मे रुग्ण चार आठवड्यांत बरे झाले होते. थांबलेल्या गटास तेवढ्यासाठी बारा आठवडे लागले.

या आकड्यांचा अर्थ प्रत्येक घरी निराळा होतो. रोजंदारीवर पोते उचलणाऱ्या माणसाला आठ आठवड्यांचा फरक म्हणजे दोन महिन्यांची मजुरी आणि मुलांच्या शाळेची फी. त्याने लवकर शस्त्रक्रिया निवडली तर तो उतावीळ ठरत नाही. ज्याचे दुकान मुलगा सांभाळू शकतो, त्याने वाट पाहिली तर तो भित्रा ठरत नाही. हा निर्णय डॉक्टरांचा एकट्याचा नाही. डॉक्टरांनी नसेची अवस्था सांगावी. घरची अवस्था रुग्णाने सांगावी. मात्र एवढे निश्चित समजून घ्यावे की शस्त्रक्रियेचा गुण पायातील कळेला येतो, जुनाट कंबरदुखीला तो तितका येत नाही. केवळ कंबर दुखते म्हणून सरकलेली गादी काढून घेणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशाच येते.

एम.आर.आय.विषयी एक अभ्यास प्रत्येक रुग्णास माहीत असावा. १९९४ मध्ये अमेरिकेतील जेन्सन व सहकाऱ्यांनी पाठदुखी मुळीच नसलेल्या ९८ व्यक्तींची ही तपासणी केली. सर्व गाद्या निर्दोष आढळल्या त्या अवघ्या ३६ टक्क्यांच्या. ५२ टक्क्यांची निदान एक गादी फुगलेली होती, २७ टक्क्यांची बाहेर आलेली होती, आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्रास नव्हता! आज या सभेतील चाळिशीपुढील सर्वांची फिल्म काढली तर निम्म्याहून अधिक अहवालांत काहीतरी 'बिघाड' लिहिलेला सापडेल. फिल्मवर डाव्या बाजूची नस दबलेली आणि कळ उजव्या पायात, असे असेल तर ती फिल्म त्या कळेचे उत्तर नव्हे. पायाच्या अंगठ्याची ताकद, पोटरीचा जोर, टाचेवरील प्रतिक्षिप्त क्रिया, पाय सरळ ठेवून उचलल्यावर कळ येते का, हे सारे हाताने तपासून मगच फिल्मशी ताडून पाहावयाचे असते.

शल्यविशारदाची पहिली परीक्षा येथेच होते. त्याने बूट-मोजे उतरविण्यास सांगितले काय? टाचांवर, चवड्यांवर चालवून पाहिले काय? की फिल्म उजेडाला धरून दोन मिनिटांत तारीख दिली? दुसऱ्या प्रकारचा डॉक्टर कितीही नामांकित असला तरी त्याच्याकडून उठून यावे.

पुढचा प्रश्न नेहमी विचारला जातो: अस्थिशल्यतज्ज्ञ की मेंदू व मज्जातंतूंचा शल्यतज्ज्ञ? सरकलेली गादी नसेला दाबते ही गोष्ट १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी जगापुढे ठेवली. त्यांतील मिक्स्टर मज्जातंतूंचे शल्यविशारद, तर बार अस्थिशल्यविशारद होते. हा विकार जन्मापासूनच दोन्ही शाखांचा आहे. पाटीवरील शाखेपेक्षा मणक्याची शस्त्रक्रिया हे त्या व्यक्तीचे नित्याचे काम आहे काय, हे महत्त्वाचे. गुडघे, खुबे, अपघात सांभाळून महिन्याकाठी एखादा मणका करणारा आणि आठवड्यास अनेक करणारा यांच्या हातात फरक असतो. 'गेल्या वर्षभरात अशा किती केल्या, त्यांपैकी किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले, माझी शस्त्रक्रिया स्वतः आपणच करणार ना?' हे प्रश्न नम्रपणे विचारण्यात कसलाही अविनय नाही. सहा आठवडे आणखी थांबलो तर काय होईल, हाही प्रश्न अवश्य विचारावा. 'थांबलात तर पांगळे व्हाल' असे उत्तर आले आणि पंजात पूर्ण ताकद असेल, तर दुसरे मत घ्यावे. शक्य तर ते दुसऱ्या शाखेच्या व पहिल्याशी व्यावसायिक संबंध नसलेल्या तज्ज्ञाचे घ्यावे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर २००२ च्या आचारनियमांनुसार बंधनकारक आहे.

शस्त्रक्रियेचे प्रकार जाहिरातींमुळे फार गोंधळाचे झाले आहेत. मूळ काम एकच: नसेला टेकलेला तुकडा काढणे. सूक्ष्मदर्शकाखाली लहान छेदातून ते करण्याची पद्धत १९७७ पासून रूढ आहे आणि आजही तिच्याशीच इतरांची तुलना केली जाते. दुर्बिणीने केल्यास छेद आणखी लहान असतो, रुग्ण लवकर घरी जातो. परंतु वर्षभरानंतरचा गुण कुशल हातांत जवळपास सारखाच असतो. दुर्बीण हाताळण्याची सवय होण्यास शल्यविशारदास बराच काळ लागतो, म्हणून यंत्रापेक्षा ते चालविणाऱ्या हाताची चौकशी करावी. पपईतील द्रव्य गादीत टोचून ती विरघळविण्याची एक पद्धतही एके काळी मोठ्या थाटात आली होती. अमेरिकेत १९८२ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि दोन दशकांनी ते औषध बाजारातून गेले. नव्या उपायांची हवा बरेचदा अशीच विरते.

मणक्यात स्क्रू व सळ्या घालण्याविषयी मात्र थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. मणका मणक्यावरून घसरलेला असेल, मणक्यांत अस्थिरता असेल, क्षय वा अस्थिभंगाने आधार गेला असेल, तेथे स्क्रू आवश्यक ठरतात. परंतु पायात कळ असलेल्या, प्रथमच गादी सरकलेल्या, मणका स्थिर असलेल्या रुग्णास स्क्रूंची सहसा गरज नसते. खर्च मात्र त्यांनी कित्येक पटींनी वाढतो. 'माझा मणका घसरला आहे काय? वाकून आणि ताठ उभे राहून काढलेल्या क्ष-किरण चित्रात ते दाखवाल काय?' हा एक प्रश्न अनेक घरांची बचत करील. होकार दिलेल्या शस्त्रक्रियेहून वेगळी शस्त्रक्रिया रुग्णाच्या संमतीवाचून करता येत नाही, प्राण वाचविण्याची निकड असेल तेवढा अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. संमतिपत्र वाचूनच सही करावी. ते मराठीत समजावून मागावे.

मानेची गोष्ट निराळी आहे. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मानेच्या मणक्यावर १२ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून या विषयाची चर्चा खेडोपाडी झाली. मानेत मज्जारज्जू स्वतःच गादीच्या मागे असतो. शर्टाची बटणे लावता न येणे, हातातून वस्तू गळणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसू लागली, तर सहा आठवड्यांचा वरील हिशेब लागू पडत नाही, लवकर दाखवावे. आणि मानेला झटका तर कोणाकडूनही देऊन घेऊ नये.

मोठे रुग्णालय दूर असलेल्या भागात काय करता येते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला गावकऱ्यांच्या दुखण्यांत कंबर व सांध्यांच्या वेदनेचे ओझे फार मोठे दिसले. मुंबईचे मणक्यांचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉक्टर तेथे जाऊन रुग्ण तपासू लागले आणि निवडक रुग्णांच्या शस्त्रक्रियाही तेथेच होऊ लागल्या. येथे रुग्ण शहराकडे धावत नाही, शल्यविशारद रुग्णाकडे येतो. आणि ज्याला शस्त्रक्रिया नको त्याला तसे सांगितले जाते. आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या धर्मादाय संस्थांनी या रचनेचा विचार करावा. रक्तदाब-मधुमेहाच्या शिबिरांसोबत वर्षातून एकदा मणक्याचा तज्ज्ञ व फिजिओथेरपीतज्ज्ञ असे दोघे एकत्र बोलाविले, तर गोरेगावच्या कित्येक रुग्णांचा नांदेड, अकोला, छत्रपती संभाजीनगरचा फेरा वाचेल.

जैन कुटुंबांनी काही गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगाव्यात, कारण ते विचारणार नाहीत. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल, तर औषधांच्या वेळा दिवसात बसवून मागाव्यात. मनाने रात्रीची मात्रा गाळू नये. वेदनाशामके उपाशीपोटी घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, म्हणून उपवासाच्या दिवसांची कल्पना आधी द्यावी. कॅप्सूलचे आवरण आणि रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरला जाणारा एक प्रकारचा स्पंज हे प्राणिज जिलेटिनचे असतात. रक्तस्राव थांबविण्यास वनस्पतिजन्य पर्यायही मिळतो. तो हवा असल्यास शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नव्हे, पहिल्याच भेटीत बोलावे. सामायिकास जमिनीवर बसण्याचा आग्रह कळ असेपर्यंत धरू नये. खुर्ची चालते.

खर्चाविषयी. शस्त्रक्रिया, भूल, खोली, औषधे, आणि स्क्रू असल्यास त्यांची किंमत, असा एकत्रित अंदाज लेखी मागावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण राज्यातील सर्व रहिवाशांना देण्याचा आणि त्याची मर्यादा कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. नियोजित शस्त्रक्रिया योजनेत बसते काय, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भरती होण्यापूर्वीच विचारावे. हिंगोलीस २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली आहे. नांदेडचे व छत्रपती संभाजीनगरचे तर जुनेच. दुसरे मत घेण्यासाठी या दारांचा उपयोग फार कमी लोक करतात.

शस्त्रक्रिया झालीच तर रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालू लागतो. पायातील कळ बरेचदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते; बधिरपणा मात्र रेंगाळतो, महिने घेतो, आणि कधी थोडा राहूनही जातो. बसण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत थोडे थोडे सुरू करता येते. पन्नास-साठ किलोंचे पोते तीन महिन्यांपूर्वी पाठीवर घेऊ नये, आणि मालकानेही ते देऊ नये. अडत्यांनी तोपर्यंत त्या हमालास काट्यावर बसविले, तर शस्त्रक्रियेचा पैसा वाया जाणार नाही. तंबाखू आणि बिडी-सिगारेट शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच सोडावी, विशेषतः स्क्रू घालावयाचे असतील तर, कारण धूम्रपानाने हाड जुळण्यास अडथळा येतो. टाके भरल्यानंतर ताप आला, जखमेतून पाणी झिरपले किंवा गेलेली कळ पुन्हा त्याच पायात उतरली, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच शल्यविशारदाकडे जावे.